आडवं कपाट

सगळ्यात आधी माफी मागते. माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, जोडाक्षरं अर्धवट राहतात, आणि अक्षर असं आहे की किराणावाला माझी यादी हातात घेतली की चष्मा पुसतो. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच तर हसा, पण वाचून झाल्यावर होती तिथेच ठेवा. कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, डाव्या बाजूला.

त्या खणासाठीच एवढं सगळं झालं.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी घरात किल्ली लागेल असं माझं काही नव्हतं. डोंबिवलीतलं आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. वही आधी पिठाच्या डब्यामागे ठेवायचे, मग जुन्या मिक्सरच्या खोक्यात, मग गादीखाली. गादीखाली ठेवली तेव्हा ह्यांची पाठ धरली. पंधरा दिवस हे गादीवाल्याला शिव्या देत होते आणि मी पाठीला तेल लावत होते. म्हणून ठरवलं, एक कपाट करून घ्यायचं आणि त्यातला सगळ्यात खालचा खण कुलपाचा, माझा.

आमच्या बिल्डिंगमधल्या दहा बायकांची भिशी आहे. महिन्याला प्रत्येकीने दोन हजार टाकायचे, एकीने वीस उचलायचे. पहिला नंबर लागला होता तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा आणि माझा शेवटचा. वहिनींना नवी कवळी करायची होती. मी कधी कुणाकडे काही मागत नाही. दुकानदार सुटे पैसे द्यायला विसरला तर मी तशीच घरी येते. पण त्या दिवशी जिन्यात त्यांना गाठलं आणि भिंतीकडे बघत म्हटलं, "वहिनी, तुमचा नंबर मला द्याल का?"

मी बोलले याचंच त्यांना इतकं नवल वाटलं की त्या लगेच हो म्हणाल्या. "घे बाई. जुनी कवळी काढेल अजून थोडे महिने. मी शेवटचा घेते."

पुढच्याच आठवड्यात शेंगदाण्याच्या चिक्कीत त्यांची जुनी कवळी मोडली. तेव्हापासून त्या मला जिथे भेटतील तिथे, भाजीवाल्यासमोरसुद्धा, मोठ्याने म्हणायच्या, "माझे दात हिच्या कपाटात आहेत हं!" नवीन माणूस माझ्याकडे घाबरून बघायचा.

सुतार आला त्या रविवारी ठाण्याहून भावोजी आले होते. भावोजी म्हणजे माझे मोठे दीर. टेंभी नाक्याजवळ राहतात आणि कुठल्याही कामात आधी कमरेवर हात ठेवतात. त्यांच्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. कुणी बंदी घातलेली नाही. नवी नवरी असताना फुटला नाही, तो राहूनच गेला.

आदल्या दिवाळीत ह्यांनी घराला पीओपीचं छत करून घेतलं होतं. साडेनऊ फुटांचं छत त्यामुळे आठ फुटांवर आलं. त्यात आठ दिवे आहेत, तीन लागतात. सुतार म्हणाला, "हाइट कितना रखना है?"

"पार छतापर्यंत!" भावोजी म्हणाले. "वर जागा सोडली की बायका तिथं बॅगा ठेवतात. माझं कपाट बघ, सात फूट नऊ इंच."

हे लगेच म्हणाले, "मग आपलं सात फूट दहा."

झालं. सात फूट दहा इंच उंच, चार फूट रुंद, दोन फूट खोल. फरशी पुसताना पाणी लागू नये म्हणून खाली चार इंचांची लाकडी बैठक, तिच्यावर माझा कुलपाचा खण. सुतार म्हणाला, "इधरही लिटाके बनाता हूँ, बाद में खड़ा कर लेना." सगळे म्हणाले, बरोबर आहे.

मला काही ते बरोबर वाटेना.

माझे वडील गवंडी होते. आंबिवलीकडे तेव्हा चाळी बांधायचं काम भरपूर निघायचं. चौथीनंतर मी त्यांच्याबरोबर कामावर जायचे, घमेली उचलायचे आणि सुतळीचं टोक धरायचे. पाया आखताना वडील बारा हातांची सुतळी घ्यायचे. तिला तीन हातांवर एक गाठ, पुढे चार हातांवर दुसरी, आणि उरलेले पाच हात. टोकं जोडून तिन्ही ठिकाणी खुंट्या मारल्या आणि सुतळी ताठ झाली की तीन आणि चारच्या मधला कोपरा अगदी काटकोनात येतो. मग त्या कोपऱ्यावर भिंत चढवायची. शिकलेले साहेब यायचे, आपल्या यंत्रातून बघायचे आणि बरोबर आहे म्हणायचे. सुतळी धरायला वडील नेहमी मलाच उभी करायचे. माझ्या भावाला नाही. म्हणायचे, "ही बोलत नाही आणि हलतही नाही."

ती सुतळी माझ्याकडे अजून आहे. काटकोनात समोरासमोरच्या टोकांमधलं अंतर दोन्ही बाजूंपेक्षा मोठं भरतं, हे मला कुणी शिकवलं नाही. मी ते बोटांत धरून उभी राहिलेली आहे.

त्या रविवारी मी गुपचूप स्वयंपाकघरात गेले. तिथल्या फरशा दोन-दोन फुटांच्या आहेत. भिंतीच्या कडेने कपाटाची उंची मोजली, कोपऱ्यातून आडवी एक फरशी घेतली, म्हणजे कपाटाची खोली, आणि दोन टोकांमध्ये तिरकी सुतळी ताणली. चार फरशांपेक्षा ती बोटाच्या एका पेराने जास्त भरली. छत चार फरशांचंच. म्हणजे कपाट उभं असताना मावेल, पण उभं होताना मावणार नाही.

सांगावं म्हणून सुतळी हातात घेऊन बाहेर आले. भावोजी सुताराला म्हणत होते, "आमच्या घराण्यात मापाची चूक कधी झाली नाही."

मी म्हटलं, "चहा ठेवू?"

पुढचं सगळं त्या चहाचं फळ आहे.

कपाट सहा दिवसांत झालं. फार सुंदर झालं. सागाच्या रंगाचं, आरशाचं, आणि आडवं. ह्यांनी आणि सुताराने डोक्याशी धरून उचललं, ते छताला टेकलं, पुन्हा खाली ठेवलं. "थोडा आदमी कम पड़ रहा है," असं म्हणून सुतार मजुरी घेऊन शीळफाट्याला दुसऱ्या कामावर गेला. माणसं कमी पडतायत हे ह्यांनाही पटलं. माणसं जमेपर्यंत कपाट पाठीवर पडून राहिलं. तीन महिने.

आडव्या कपाटाची सवय होते. दारं वर उघडायची, विहिरीच्या झाकणासारखी. साडी हवी असली की एक पाय आत टाकून उतरायचं. आरसा छताकडे बघायचा, त्यामुळे केस विंचरायला त्याच्यावर ओणवं व्हावं लागे आणि कंगवा हातातून सुटला की आरशावर पडे. माझा खण बादलीसारखा वर ओढावा लागायचा. तरी तो माझा होता. वही त्यात, सुतळी त्यात, किल्ली माझ्या मंगळसूत्रात.

दुपारी हे कारखान्यातून पहिली पाळी करून आले की त्या दारांवरच चादर टाकून झोपायचे. "पाठीला बरं वाटतं," म्हणायचे. मला टॉवेल हवा असला तरी नवरा उठेपर्यंत थांबावं लागायचं. पाहुणे कपाटावर बसायचे. भिशी आमच्याकडे भरली तेव्हा आठ बायका त्याच्यावर ओळीने बसल्या आणि वहिनी दूधपोहे खात म्हणाल्या, "अगं, आमचे पैसे झोपवून ठेवलेस की गं! मला वाटलं, कपाट करतेयस. हा तर सोफा झाला."

"आरशाचा सोफा," दुसरी म्हणाली. "बसल्यावर आपली मागची बाजू दिसते."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावली.

शेवटी भावोजींनी मनावर घेतलं. पुन्हा एक रविवार ठरला. भावोजी, हे, समोरचे दोघे भाऊ, वॉचमन आणि इस्त्रीवाला असे सहा जण जमले. मला म्हणायचं होतं की माणसं कमी नाहीत, जागा कमी आहे. मी दारात उभी राहिले, दोनदा तोंड उघडलं. तेवढ्यात भावोजी ओरडले, "हं, एक, दोन, तीन... जोर लावा!"

सहा जणांनी जोर लावला. कपाट वर, वर, वर गेलं, आणि त्याचा वरचा कोपरा कचकन पीओपीत घुसला. तसंच राहिलं. पायथा जमिनीवर, डोकं छतात, मधे तिरकं. खाली येईना, वर जाईना.

"आता सोडू नका!" हे ओरडले. "छत खाली येईल!"

"किती वेळ धरायचं?" इस्त्रीवाल्याने विचारलं. त्याची इस्त्री तापत होती.

शेवटी पत्र्याची ट्रंक, तांदळाची गोणी आणि चार उशा एकावर एक रचून टेकू दिला. भावोजींनी हात झटकले आणि लांबून बघत म्हणाले, "नव्वद टक्के काम झालंय."

खालच्या मजल्यावर एक निवृत्त सर राहतात. गणित शिकवायचे. ते टेप, वही आणि दोन रंगांची पेनं घेऊन आले. ह्यांनी त्यांना खुर्ची दिली. कपाटाच्या सावलीत बसून त्यांनी अर्धा तास हिशेब केला.

"काटकोन त्रिकोण," सर म्हणाले. "चौऱ्याण्णवचा वर्ग, अधिक चोवीसचा वर्ग, त्याचं वर्गमूळ सत्त्याण्णव. तुमचं छत शहाण्णव. एका इंचाने कर्ण जास्त. सिद्ध झालं, हे कपाट उभं राहणार नाही."

ह्यांनी वर बघितलं. "ते छतानंपण सिद्ध केलंय, सर. पुढं काय?"

"पुढचं गणितात येत नाही," सर म्हणाले आणि चहा प्याले.

सत्त्याण्णव ऐकून मला मात्र बरं वाटलं. माझं पेर बरोबर होतं.

चौदा दिवस कपाट तसंच होतं. सकाळी ह्यांना त्याच्याखालून वाकून मोरीत जावं लागे. पाऊस होता म्हणून मी त्याच्या पाठीखाली दोरी बांधून कपडे वाळत घातले. छान वाळायचे. तांदळाची गोणी टेकूत अडकली म्हणून आम्ही चौदा दिवस पोळीच खाल्ली. दारं उघडायची सोय नव्हती. उघडताना कपाट हललं असतं तर टेकू सुटून सगळं अंगावर आलं असतं. वही खणात अडकली आणि खण त्या तिरक्या कपाटात. मला लिहिता येईना. मनात साठलेलं कपबशा विसळताना पुटपुटायला लागले, तेव्हा हे म्हणाले, "काय गं, बरं वाटत नाही का?"

मग भावोजींचा फोन आला. उपाय सापडला होता. हे फोन स्पीकरवर ठेवून दाढी करत होते, म्हणून मलाही ऐकू आलं.

"खालून एक फूट कापून टाक. तो खालचा खण जाईल, जाऊ दे. काय ठेवणार आहे ती त्यात? बांगड्या?"

"छत फोडण्यापेक्षा ते बरं," हे म्हणाले. "पीओपीला पैसे पडलेत."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. त्या खणात बांगड्या नव्हत्या. वही होती. वहीत भावोजींनी आमच्याकडे श्राद्धाला किती पुऱ्या खाल्ल्या ते होतं. ह्यांच्या आईने मला पहिल्या वर्षी काय म्हटलं ते होतं. ह्यांच्या पाठीखालची वही माझीच होती, हेही होतं. करवतीने खण उघडला की सगळ्यात आधी ती वही फरशीवर पडणार आणि सगळ्यात आधी भावोजी ती उचलणार, हे मला समोर दिसायला लागलं. आणि तो खण गेला की पुन्हा पिठाचा डबा.

रविवारी सुतार इलेक्ट्रिकची करवत घेऊन आला. भावोजी आले, सर आले, धरायला इस्त्रीवालाही आला. करवतीची पिन आमच्या प्लगमध्ये बसेना, म्हणून हे शेजारी पिन बदलून आणायला गेले. तेवढाच वेळ होता.

बोलता येणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून मी रद्दीतले पेपर काढले, कणकेची खळ केली आणि जिन्याच्या पॅसेजमध्ये जाऊन बसले. तिथेही फरशा दोन-दोन फुटांच्याच. खडूने एक रेघ मारली, ती जमीन. चार फरशा सोडून दुसरी रेघ, ते छत. मग पेपर जोडून कपाटाची बाजू केली, सात फूट दहा बाय दोन फूट, मापाला माप. ती दोन रेघांमध्ये आडवी ठेवली आणि हळूहळू फिरवली. कागदाचा कोपरा छताच्या रेघेबाहेर गेला, एक पेर. मग कागद खालून चार इंच दुमडला. म्हणजे बैठक काढली. पुन्हा फिरवला. आता तो छताच्या रेघेच्या तीन बोटं आतून फिरला आणि सरळ उभा झाला. उभा झाल्यावर दुमडलेलं पुन्हा उलगडलं. छताला दोन इंच राहिले.

एवढंच. बैठक आधी काढायची, कपाट उभं करायचं, मग पहारीने जरा उचलून बैठक खाली सरकवायची. खण कापायची गरजच नव्हती.

पण आत कुणाला काय माहीत? आत बोलणं चालू होतं. मी बाहेर गुडघ्यांवर बसून कागद फिरवत होते. वरून वहिनी उतरल्या. "काय गं हे? खुळी झालीस का माझ्या दातांपायी?" मी काही न बोलता पुन्हा फिरवून दाखवला. त्या थांबल्या. दुसऱ्यांदा बघितल्यावर त्यांनी आमच्या दारात जाऊन हाक मारली. दात नसले तरी त्यांचा आवाज मोठा आहे.

तेव्हाच आतून भावोजी विचारत होते, "चहा का नाही आला अजून?"

"चहा बाहेर आहे!" वहिनी म्हणाल्या. "या सगळे."

सगळे बाहेर आले. वर बघायची हिंमत नव्हती, म्हणून मी कागदाकडे बघत फिरवत राहिले. न दुमडलेला एकदा, दुमडलेला एकदा. सर खाली वाकले, मग चक्क फरशीवर बसले आणि म्हणाले, "नव्वदचा वर्ग, अधिक चोवीसचा... त्र्याण्णव आणि थोडं. शहाण्णवच्या आत. अहो, बरोबर आहे!"

सुताराने करवत खाली ठेवली. "भाभी सही बोल रही है."

"ती कुठं काय बोलली?" शेजारून परत आलेल्या ह्यांनी विचारलं.

बैठकीचे स्क्रू खणाच्या आतून होते. म्हणून पहिल्यांदा किल्ली लागली. ह्यांनी हात पुढे केला. मी किल्ली दिली नाही. म्हटलं, "मीच उघडते." एवढे दोन शब्द मी भावोजींसमोर बोलले. तिरक्या कपाटाच्या पायथ्याशी बसून खण चार बोटं उघडला, वही आणि सुतळी पदराखाली घेतली आणि मग बाजूला झाले.

सुताराने स्क्रू काढले, सगळ्यांनी कपाट धरलं, आणि त्याने हातोडीने बैठक ठोकून बाहेर काढली. कपाट चार इंच धाडकन खाली बसलं. छतातून पोळीएवढा पीओपीचा तुकडा निघाला आणि भावोजींच्या टकलावर फुटला. त्यांना लागलं नाही. पण ते इतके पांढरे झाले की इस्त्रीवाला त्यांना नमस्कार करून गेला. त्यानंतर कपाट उभं राहिलं, कुणी जोर न लावता, लहान मूल उठून उभं राहावं तसं.

भावोजी डोकं झटकत म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, खालून काहीतरी काढा."

सरांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं. आता सगळे म्हणतात, सरांनी कपाट उभं केलं. मला त्याचं काही नाही. सर जिन्यात भेटले की मात्र बाजूला होऊन मला आधी जाऊ देतात. छतातल्या भोकावर ह्यांनी अंधारात चमकणारा चंद्र चिकटवलाय. तांदळाची गोणी परत आली त्या दिवशी मी भात केला, आणि हे दोनदा वाढून घेऊन म्हणाले, "पेपर दुमडून बघायचं तुला कुठून सुचलं गं?"

मी म्हटलं, "चहा ठेवू?" मग थांबून म्हटलं, "मला आधीच माहीत होतं. पहिल्या रविवारी."

ह्यांनी घास तसाच हातात धरला. मग म्हणाले, "पुढच्या वेळी चहा नको ठेवूस."

भिशीचा दहावा महिना परवा झाला. शेवटचा नंबर वहिनींचा. माझे शेवटचे दोन हजार मी खणातून काढले, खणाला पुन्हा किल्ली लावली आणि तिसऱ्या मजल्यावर गेले. डॉक्टरांनी कवळी आधीच उधारीवर करून दिली होती. वहिनी दारातच चकली खात उभ्या होत्या, कुडुम कुडुम, मला ऐकू यावं म्हणून. मी नोटा हातात दिल्या. त्यांनी दोनदा मोजल्या, चकलीचं पीठ पुसून कनवटीला लावल्या आणि म्हणाल्या, "फिटले."